नंबर न जुळणारी दुनळी: आधी ओळख, मग किंमत

खानापूरकडून विचारणा आलीय: आजोबांची जुनी बारा बोअर दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, 'इंग्लिश म्हणून विकली तर किती येतील?' तिच्या नळ्यांवर एक नंबर आणि चापाच्या कडीवर दुसरा, म्हणजे हा प्रश्न घाईचा झाला. काडतूस नाही याची खात्री करून नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढा, नळ्या उतरवा. नळ्यांच्या बुडाच्या सपाट भागावर चाचणीचे शिक्के सापडतील. लंबगोलात ईएलजी म्हणजे बेल्जियमचं लिएज. मुकुटाखाली बीपी, बीव्ही म्हणजे 1904 नंतरचं बर्मिंगहॅम. 'नॉट फॉर बॉल' (गोळीसाठी नाही) असेल तर 1875 ते 1887 मधली इंग्लिश नळी. ॲक्शनवरचे (नळ्या जिथे बसतात त्या यंत्रणेच्या भागावरचे) शिक्के वेगळ्या देशाचे वा काळाचे निघाले, तर नळ्या परक्या समजा. मग बाजूच्या पत्र्यावर कितीही मोठं नाव कोरलेलं असो, संग्राहक पूर्ण बंदुकीचा भाव देत नाही.

आता नळ्या परत बसवा, पण ते लाकूड न लावताच बंदूक मिटवून हलवा. लाकडाचा ताण ढिलेपणा झाकतो. खुळखुळली तर सांधा झिजलाय किंवा नळ्या नीट बसवलेल्या नाहीत. नळीवर नागमोडी नक्षी असेल तर आजचं काडतूस घालूच नका. शिवाय जुनं चेंबर (काडतूस बसायची जागा) बहुधा 65 मिमीचं, आजचं काडतूस 70 चं, त्यामुळे दाब वाढतो.

परवान्यावर यातला कोणता नंबर आहे? विकण्याआधी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात तेवढं विचारून घ्या. लोहाराकडून नंबर घासून 'जुळवणं' मात्र सरळ गुन्हा आहे.