कॉलेजच्या बिल्डिंगचे चेक मंडळाच्या नावाने काढू नका

प्रेषक: खजिनदार

मंडळी नमस्कार,

कालपासून पुण्याच्या आपल्या कॉलेजच्या बिल्डिंगसाठी इथे अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या अकाउंटला झेलवर (बँकेतून बँकेत) पैसे यायला लागलेत. मेमोमध्ये कोणी "बिल्डिंग" लिहिलंय, कोणी "कॉलेज", एकाने नुसतं "अप्पांनी सांगितलं". हे मी कुठल्या खात्यात धरू? प्लीज थांबा. अप्पा, रविवारी मीटिंग संपल्यावर तुम्ही चहाच्या टेबलापाशी सगळ्यांना सांगितलंत की मंडळाकडे द्या, इथून पुण्याला पाठवू, पण कमिटीत हा विषय आलेलाच नाही. आपली वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या आत असते म्हणून आयआरएसला, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याला, आपण नुसतं ९९०-एन हा छोटा फॉर्म भरतो, दहा मिनिटांचं काम. बिल्डिंगचा पैसा यातून फिरला आणि सरासरी वर गेली की ९९०-ईझी हा मोठा फॉर्म आला, आणि तो भरणारा माणूस तुम्ही शोधून द्यायचा.

प्रेषक: अप्पा

खजिनदारसाहेब, तुमची काळजी समजते, पण जरा इकडची बाजूही ऐका. आपण शिकलो तो वर्कशॉप अजून तसाच आहे, पावसाळ्यात लेथवर ताडपत्री टाकून मुलं जॉब करतात, मी डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा ती ताडपत्री घडी करून कोपऱ्यात ठेवलेली बघितली. कॉलेजची आता युनिव्हर्सिटी झाली, नव्या कॅम्पसवर जागा मिळाली, पण जागेवर भिंती आपोआप उभ्या राहत नाहीत. मुंबई आयआयटीला नीलेकणींनी २०२३ मध्ये ३१५ कोटी दिले, २०२५ ला मुकेश अंबानींनी मुंबईच्या आयसीटी या केमिकलच्या कॉलेजला १५१ कोटी जाहीर केले, आपल्या तिथल्या शर्मा सरांची गुरुदक्षिणा म्हणून. आपल्यात तेवढा मोठा कोणी नाही, म्हणून शंभर-दोनशे डॉलरवालेच जमवायला हवेत ना? आणि मंडळच का, तर कंपनीचं मॅचिंग (आपण देऊ तेवढेच कंपनीनेही घालायचे) हवं असेल तर अमेरिकेतली ५०१ सी ३, म्हणजे टॅक्सची सूट असलेली धर्मादाय संस्था लागते, थेट पुण्याला पाठवलं तर मॅचिंगही नाही आणि टॅक्समध्ये सूटही नाही. आपल्यातले निम्मे तरी मॅचिंगवाल्या कंपन्यांत आहेत, तेवढे पैसे का सोडायचे?

प्रेषक: ताई

अप्पा, पाटीवर कोणाचं नाव लागणार ते आधी सांगा. तुमच्या बॅचने जास्त दिले तर तुमच्या बॅचचं नाव हॉलला, असं माझ्या कानावर आलंय. मोठ्या देणगीचं नाव लागायला माझा विरोध नाही. कर्व्यांनी १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं, १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले, त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं आणि ते योग्यच झालं. पण एवढी मोठी देणगी मिळाल्यावरही अण्णा कर्वे घरी बसले नाहीत, १९२९ ला सत्तरी उलटल्यावर परदेशात निघाले, पुढे आफ्रिकेत जाऊन तिथल्या आपल्या लोकांकडूनही पैसे जमवले. माझी आई हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत शिकली. तिच्या घरी संस्थेचं पावतीपुस्तक यायचं, आणि पावतीवर नाव चुकलं तर आजोबा नवीन फाडायला लावायचे, रक्कम एक रुपया असली तरी! पन्नास डॉलर देणाऱ्याचंही नाव कुठेतरी नीट लिहिलेलं असलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

प्रेषक: वकीलकाका

पाटीचं नंतर बघू. दोन्हीकडचे कायदे आधी समजून घ्या, कारण अप्पा आणि खजिनदार दोघंही अर्धंच सांगताहेत.

इकडचा नियम असा की ५०१ सी ३ संस्था म्हणजे नुसती पोस्टाची पेटी चालत नाही. एका हाताने घेतलं आणि दुसऱ्या हाताने परदेशी संस्थेला दिलं तर देणाऱ्याची टॅक्सची सूट धोक्यात येते. हे काम आमच्या उद्देशात बसतं असा बोर्डाने ठराव करायचा, पैसे कशाला लागले त्याचा हिशोब कॉलेजकडून मागायचा आणि पटलं नाही तर न देण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवायचा. २५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला लेखी पावतीशिवाय टॅक्सची सूट घेता येत नाही.

तिकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा आहे, खरी अडचण तिथे येणार. मंडळ ही अमेरिकन संस्था, म्हणजे आपण पाठवलेला पैसा परदेशीच धरला जाणार, देणारे सगळे पुण्याचे असले तरी. घेणाऱ्याकडे एफसीआरए रजिस्ट्रेशन हवं आणि पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच जमा व्हायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एकाने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे माजी विद्यार्थी संघाला दिला तर तो संघ पुढे युनिव्हर्सिटीला देऊ शकत नाही! कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं ऑडिट असलेल्या संस्थांना सूट आहे, आपली युनिव्हर्सिटी त्यात बसते का हे रजिस्ट्रारकडून लेखी मागवा. फोनवर "हो हो, चालेल" म्हणतील त्याला अर्थ नाही.

प्रेषक: प्राची

काका, ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे त्यांचं काय? माझा ओसीआय झाला, म्हणजे पासपोर्ट आता अमेरिकेचा, नवऱ्याचं अजून ग्रीन कार्डच आहे, पासपोर्ट भारताचाच, आणि आमचं अकाउंट जॉइंट आहे.

प्रेषक: वकीलकाका

प्राची, भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी देणगी धरत नाहीत, मग तो कुठेही राहत असो. ओसीआयवाल्याचा मात्र परदेशीच. त्यामुळे तुमच्याकडून नवऱ्याने त्याच्या एकट्याच्या नावाच्या एनआरई किंवा एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांच्या भारतातल्या) खात्यातून द्यावं, पासपोर्टची कॉपी जोडावी, जॉइंट अकाउंटच्या भानगडीत पडू नका.

प्रेषक: नाना

मी कॉलेजच्या विरोधात नाही, पण मंडळाच्या स्वतःच्या हॉलसाठी काढलेला फंड किती झाला हे कोणी सांगेल का? गणपतीला अजून शाळेचा कॅफेटेरियाच मागतो आपण, आणि आरती चालू असताना कस्टोडियन किल्ल्या वाजवत दारात उभा असतो. बिल्डिंगच बांधायची तर आधी इथली का नाही?

प्रेषक: अप्पा

नाना, दोन्ही व्हायला पाहिजेत, पण हॉलचा विषय वेगळ्या मेलवर घ्या, नाहीतर इथलं काहीच ठरणार नाही.

काकांचं वाचून मी असं म्हणतो: भारतीय पासपोर्टवाल्यांची यादी मी आणि प्राची करतो, ते थेट पुण्याला देतील. बाकीच्यांनी रजिस्ट्रारचं पत्र येईपर्यंत पैसे आपल्याकडेच ठेवा. पत्र आलं की मंडळाचा ठराव करायचा की आपल्या कॉलेजचं काम करणारी दुसरी ५०१ सी ३ शोधायची ते कमिटी ठरवेल. मी आजच रात्री पुण्याला मेल टाकतो. ताई, देणगीदारांची यादी रकमेप्रमाणे नाही, बॅचप्रमाणे आणि आडनावाच्या अकारविल्हे, हे त्याच मेलमध्ये घालतो.

प्रेषक: खजिनदार

ठीक. आलेले पैसे मी उद्या परत पाठवतोय, रागावू नका. ज्याच्या मेमोमध्ये फक्त "अप्पांनी सांगितलं" आहे त्याने नाव कळवा, बँकेत तुमच्या कंपनीचं नाव दिसतंय, माणसाचं नाही.