१९५६ ची शेवरोले: ब्रेक बदलले तर पाप लागेल का?

ट्रॉयचा_वऱ्हाडी:
मंडळी, मी डेट्रॉईटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये राहतो. गेल्या वर्षी १९५६ ची शेवरोले टू-टेन घेतली. चार दारांची, वर पांढरी, खाली फिकट हिरवी. पेट्रोलचं झाकण डाव्या टेललाइटमागे लपलेलं. पंपावर कुणी ना कुणी विचारतंच, "टाकी कुठंय?" मी लगेच सांगत नाही, शोधू देतो.

आधीच्या मालकाने सहा सिलिंडरचं इंजिन काढून ३५० घनइंचांचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) बसवलं, गाडी दोनेक इंच खाली घेतली, रेडियल टायर घातले. उभी असली की यातलं काही कळत नाही, म्हणून तर घेतली. पण ब्रेक त्याच काळातले! चारही चाकांना ड्रम ब्रेक, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलतो तो) एका सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना तेलाचा एकच मार्ग. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझच्या (जुन्या गाड्यांच्या वार्षिक फेरीच्या) गर्दीत पेडल पार तळाला गेलं. डॅशखालचा हँडब्रेक ओढून कशीबशी कडेला घेतली. बायको शेजारी होती. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, काय ते समजा.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवावेत असं मनात आहे. मित्र म्हणतो, गाडी ओरिजिनल राहणार नाही. काय करू?

स्पॅनर:
इंजिन बदललं तेव्हाच सोवळं सुटलं की हो! डिस्कचं नंतर बघा, आधी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर घाला. एकाच सर्किटमध्ये कुठेही गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो, तुमचं तेच झालं असणार. पुढे डिस्क, मागे ड्रम करणार असाल तर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब मर्यादेत ठेवणारा) हवाच. नाहीतर करकचून दाबलं की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते.

जुनी_किल्ली:
डिस्क ब्रेकचं किट घेताना चाक किती बाहेर सरकतं ते विचारा. माझ्या १९५५ ला टायर फेंडरला घासायचा, दोन महिने मी सस्पेन्शनला शिव्या घालत होतो. काढलेले ड्रम चिठ्ठी लावून गॅरेजात ठेवा. आणि डॅशबोर्ड कापू नका, हात जोडून सांगतो.

ट्रॉयचा_वऱ्हाडी:
पोराला तिथेच टचस्क्रीन हवाय! त्याला सीटखाली ब्लूटूथ स्पीकर लपवून दिलाय. जुना रेडिओ आहे तिथेच खरखरतोय.

मास्टर सिलिंडर आणि व्हॉल्व्ह मागवले. बायकोला म्हटलं, बसवून झाले की चक्कर मारू. म्हणाली, "आधी तू एकटा जाऊन ये."