डेबियन १३ मध्ये ३२-बिट नाही; वाचनालयातल्या १० पेंटियम ४ चं पुढे काय?

सिडकोकर_वाचक:
नमस्कार मंडळी. सिडकोतल्या एका वाचनालयाचे १० पीसी आम्ही चौघं दर रविवारी सांभाळतो. सहा आहेत पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्‌झ, सॉकेट (प्रोसेसरची खोबण) ४७८, ५१२ एमबी डीडीआर, ४० जीबी आयडीई डिस्क. उरलेले चार ३.० गिगाहर्ट्‌झचे, सॉकेट ७७५, १ जीबी डीडीआर२. सगळ्यांवर डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीची १२ वी, ३२-बिट आवृत्ती आहे. मुलं मराठी टायपिंगचा सराव करतात आणि विकिपीडिया वाचतात. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ ला ३२-बिट इन्स्टॉलर नाही आणि कर्नलही (प्रणालीचा गाभा) नाही. मग पुढे काय बसवावं?

आणखी दोन अडचणी आहेत. दोन पीसी सोमवारी सुरू केले की जुनी तारीख दाखवतात आणि अपडेट ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ म्हणून अडतं. एक पीसी पावसाळा लागल्यापासून मध्येच रीस्टार्ट होतो. नवीन घ्यायला निधी नाही.

गोदाकाठ_कर्नल:
दहाही पीसी एकाच मापाने मोजू नका. ३.० गिगाहर्ट्‌झच्या चारांपैकी काही ६४-बिट असण्याची चांगली शक्यता आहे. याच वेगाचे तीन मॉडेल दिसायला सारखेच: ५३० मध्ये ६४-बिट नाही, ५३१ आणि ६३० मध्ये आहे. हीटसिंक काढायची गरज नाही. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ चालवा आणि ‘ऑप-मोड’च्या ओळीत ३२ सोबत ६४ दिसतं का ते पाहा. सीपीयूइन्फो फाइलमध्ये शोधणार असाल तर ‘एलएम’ (६४-बिटची खूण) हा सुटा शब्द शोधा. ‘लाफ_एलएम’ हे वेगळंच फ्लॅग आहे, त्यावरून फसगत होते.

जे ६४-बिट निघतील त्यांवर डेबियन १३ नव्याने बसवा. जागच्या जागी ३२ चं ६४ करायला जाऊ नका, अर्धवट अडकलं तर सोडवण्यात अख्खा रविवार जातो. आधी होम फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. ६४-बिटला मेमरी जास्त लागते, म्हणून १ जीबीच्या दोन पट्ट्या टाका आणि झेडरॅम (मेमरीतला मजकूर दाबून जागा वाचवणारी सोय) लावा: दाबायचा अल्गोरिदम एलझेड४, प्रमाण ५० टक्के. झेडएसटीडी जास्त दाबतं, पण या प्रोसेसरला ते जड जातं.

जे ३२-बिट राहतील त्यांच्यासाठी एक काम आजच करा. सोर्सेसच्या फाइलमध्ये (अपडेट कुठून घ्यायचे याची यादी) ‘स्टेबल’ लिहिलं असेल तर तिथे ‘बुकवर्म’, म्हणजे डेबियन १२ चं नाव, लिहा. १३ च्या भांडारात ३२-बिटची पॅकेजेस आहेत, पण ती ६४-बिट मशीनवर जुने प्रोग्राम चालवता यावेत म्हणून. नाव बदललं नाही तर एखाद्या अपडेटला पीसी तिकडे सरकायला लागेल, आणि त्याला कर्नल मिळणार नाही. बुकवर्मचा एलटीएस (दीर्घकालीन सुरक्षा-अपडेट) ३० जून २०२८ पर्यंत आहे, तेवढा वेळ हातात आहे.

सातपूर_सोल्डर:
तारखेचं कारण मदरबोर्डवरचा सेल. सीआर२०३२ नवा ३ व्होल्टच्या वर दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर बदला. रविवारी मुख्य बटण बंद झालं की घड्याळ त्या सेलवरच चालतं. घड्याळ मागे पडलं की रिलीज फाइलची तारीख पीसीला भविष्यातली वाटते. ब्राउझर प्रमाणपत्राची चूक दाखवतो तीही याच कारणाने.

रीस्टार्टसाठी क्रम असा ठेवा. रॅम काढा, कडेचे सोनेरी पट्टे खोडरबराने पुसा, चुरा ब्रशने झाडा. दमट हवेत तिथेच गंज धरतो. मग मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) वर एकेक पट्टी वेगळी लावून पूर्ण फेरी चालवा. ती निर्दोष निघाली तर चार पिनांच्या प्लगमधली पिवळी, १२ व्होल्टची तार मल्टिमीटरने मोजा, आणि तेही पीसीवर भार असताना. ११.४ व्होल्टच्या खाली गेली तर एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदला.

तरीही थांबलं नाही तर प्रोसेसरजवळचे कपॅसिटर (उभे छोटे डबे) पाहा. डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ असेल तर तो गेला. बदली करताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा), १०५ अंशांचा. जुना काढण्याआधी फोटो काढा: बोर्डवर रंगवलेली अर्धी बाजू बहुतेक वेळा ऋण असते, काही बोर्डांवर नेमकी उलट. ग्राउंडची पिन उष्णता शोषते, त्यामुळे २५ वॅटच्या आयर्नने शिसं वितळत नाही आणि ओढाओढीत भोकातलं तांबं उखडतं. ६० वॅट वापरा, थोडं नवं शिसं लावा, मग काढा.

आयडीई डिस्क बदलायच्या असतील तर साटा अडॅप्टर आणि १२० जीबी एसएसडी. त्याहून मोठी नको, जुने बायोस १३७ जीबीला अडतात. केबल ८० तारांची हवी; ४० तारांच्या केबलवर वेग सेकंदाला ३३ एमबीवरच थांबतो.

नाशिकरोड_पोर्ट:
सॉकेट ४७८ वाल्या सहांसाठी माझं मत नेटबीएसडी १० (लिनक्सहून वेगळी, मोफत प्रणाली). तिथे ३२-बिट इंटेल अजून पहिल्या रांगेत, म्हणजे पूर्ण आधार असलेल्या यादीत आहे आणि ती रांग स्वयंसेवकांनीच धरून ठेवली आहे. २०३८ चा प्रश्नही (३२-बिट वेळेचा आकडा त्या वर्षी संपतो) सुटलेला आहे: नेटबीएसडीने २०१२ च्या ६.० मध्येच वेळेचा आकडा ६४-बिट केला. डेबियनने १३ मध्ये बाकीच्या ३२-बिट पोर्टांसाठी (इतर प्रोसेसरांच्या आवृत्त्यांसाठी) तो बदल केला, पण इंटेल ३२-बिटला जुन्या प्रोग्रामांसाठी वगळलं.

जुन्या पीसीवर कंपाइल करत बसू नका. बिल्ड.एसएच ही स्क्रिप्ट कुठल्याही वेगवान लिनक्स मशीनवर आधी स्वतःची टूलचेन (कंपाइलर आणि सोबतची साधनं) बांधते आणि मग ३२-बिटची पूर्ण सिस्टीम तयार करून देते. तयार पॅकेजेससाठी पीकेजीइन आहे. डिस्कचं नाव एसडीए नसून डब्ल्यूडी० असतं, माउंटच्या नोंदी लिहिताना लक्षात ठेवा.

अवघड आहे तो ब्राउझर. फायरफॉक्सने १४४ नंतर ३२-बिट लिनक्स सोडलं, आणि ५१२ एमबीत तो तसाही रडतो. म्हणून गोदाकाठ यांनी सांगितलेल्या ६४-बिट पीसींपैकी एकावर किविक्स-सर्व्ह (साठवलेला विकिपीडिया लॅनवर दाखवणारा सर्व्हर) चालवा, त्यात मराठी विकिपीडियाची झिम फाइल, म्हणजे साठवलेली प्रत, ठेवा. बाकीचे पीसी नेटसर्फ या हलक्या ब्राउझरने लॅनवरून वाचतील. पत्त्यात ‘व्ह्यूअर#’च्या जागी ‘कंटेंट/’ टाका. व्ह्यूअरला जावास्क्रिप्ट लागतं, साध्या ब्राउझरमध्ये पान कोरं दिसतं.

काही बिघडलं तर सेंड-पीआरने (नेटबीएसडीला चूक कळवायची आज्ञा) कळवाच, सोबत डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) पूर्ण जोडा. पोर्ट सांभाळणाऱ्यांकडे प्रत्येक जुना बोर्ड नसतो, तुमची नोंद हाच त्यांचा पुरावा.

सिडकोकर_वाचक:
तपासलं. चारांपैकी तीन ५३१, एक ५३०. दोन्ही सेल २.१ व्होल्ट. रीस्टार्टवाल्या पीसीची पिवळी तार भाराखाली ११.१ दाखवते, एसएमपीएस काढला. एका ४७८ वर नेटबीएसडी चढलं, पण एक्सटर्ममध्ये (टर्मिनलच्या खिडकीत) जोडाक्षरं तुटतात. टायपिंगच्या सरावाला हे चालणार नाही.

नाशिकरोड_पोर्ट:
फाँट बदलून उपयोग नाही. एक्सटर्म अक्षरं एकेका चौकटीत मांडतं, त्याला जोडाक्षर जुळवताच येत नाही. माउसपॅड हा एडिटर बसवा, जीटीके (खिडक्या-बटणांची लायब्ररी) वापरणाऱ्या एडिटरमध्ये ते काम हार्फबझ (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) करतं. फाँट लोहित देवनागरी ठेवा. कीबोर्डसाठी सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेला ‘यूएस’ आणि ‘इन’ हे दोन लेआउट द्या, बदलायला ऑल्ट-शिफ्ट. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍या’ आणि ‘ट्र’ हे चार टाइप करून पाहा. ते नीट उमटले की बाकीच्या पाच पीसींवर तीच मांडणी करा.