लसणीच्या वासाचं फुलझाड: पानं पिवळी, फुलं नाहीत, मदत हवी आहे!!

मुलुंडची_मैना:
कोणीतरी लवकर सांगा प्लीज. लसणीच्या वासाचं ते जांभळ्या फुलांचं झाड असतं ना, ते आणलंय, नर्सरीत होतं तेव्हा मस्त फुललेलं होतं, इकडे आल्यापासून मोजून दोन दांडे आले, पुढे काहीच नाही आणि आता पानं खालून पिवळी पडून लिबलिबीत होतायत. खत घालून झालं, नीम ऑइल मारून झालं, पाणी तर रोज घालते. फोटो टाकायला गेले तर साइज मोठी म्हणतंय. रविवारीच काय तो वेळ मिळतो, नाहीतर सरळ उपटून टाकणार.

पक्याभाऊ_विरार:
लसूण वेल ना? दम धर, दिवाळीच्या आगेमागे फुलते ती. कुंडीत नाही चालायची, जमिनीत लाव आणि चढायला दणकट आधार दे. आमच्या गेटवर अख्खी पसरलीय, येणारेजाणारे काड्या मागतात.

मुलुंडची_मैना:
वेल नाहीये हो!! पातीसारखं आहे, छोटंसं.

सुगरणबाई:
मग गार्लिक चाइव्ज असतील, लसणीच्या चवीची पात. ऑम्लेटमध्ये घाल, कांद्याची आठवण येणार नाही. मणिपूरकडे हे रोजच्या भाजीत असतं. वरून कापत राहायचं, परत फुटतं.

हिरवा_कोपरा:
बाई, चाइव्जला पांढरी फुलं येतात, ती वर जांभळी म्हणतेय. आणि ओळख पटल्याशिवाय खायला नका सांगू कोणाला, रेन लिलीची पानंही तशीच दिसतात आणि ती विषारी असतात. पान चुरडून लसणीचा वास आला नाही तर तोंडात घालायचं नाही.
मैना, उंच दांड्याच्या टोकाला चांदण्यांसारख्या फुलांचा झुपका येतो का? मग ती सोसायटी गार्लिक. ऊन किती? माती कसली? कुंडीखाली ताटली आहे का?

मुलुंडची_मैना:
हो हो तेच. ऊन आहे. माती नर्सरीचीच.

हिरवा_कोपरा:
"ऊन आहे" म्हणजे किती तास? खिडकी कुठल्या दिशेला?

दहिसरचे_काका:
एवढी चौकशी कशाला. कांद्याच्या साली रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी ते पाणी घाला. माझा मोगरा त्यावरच फुलतो.

हिरवा_कोपरा:
काका, पानं लिबलिबीत झालीयत म्हणजे मूळ कुजतंय. त्यात अजून पाणी?

दहिसरचे_काका:
मी तीस वर्षं बागकाम करतोय.

हिरवा_कोपरा:
मोगऱ्याचं ना. हे दक्षिण आफ्रिकेतलं झाड, खाली जाड गड्डे असतात, पाणी साठवून ठेवतं. तहान सोसेल, चिखल नाही.

निवांत_माटुंगा:
याने डास जातात का? दक्षिण आफ्रिकेतले झुलू लोक साप येऊ नयेत म्हणून घराभोवती लावतात असं वाचलंय.

पक्याभाऊ_विरार:
माटुंग्यात साप? 😂

मुलुंडची_मैना:
डासांचा वेगळा धागा काढा ना!! खिडकी उत्तरेची आहे. मे एंडला आणलं तेव्हा कडक ऊन यायचं, म्हणून तर तिथे ठेवलं. आता सप्टेंबरात अजिबात नाही. शिवाय समोर टॉवर उभा राहतोय. माती म्हणजे सगळं कोकोपीटच, नारळाच्या काथ्याचा भुसा, दिसतंय. ताटली ठेवावीच लागते, खालच्या मजल्यावरच्या काकू थेंब पडला तरी वर येतात.

हिरवा_कोपरा:
हे आधी सांगायचंस की! मुंबई १९ अंशांवर आहे, त्यामुळे साधारण १५ मे ते जुलैअखेर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेवढेच दिवस उत्तरेच्या खिडकीत चांगलं ऊन येतं. नंतर तो दक्षिणेकडे सरकतो. या झाडाला फुलायला रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं, तुझ्याकडे आता नुसता उजेड आहे. वर पावसाळ्यात ओलं कोकोपीट, रोजचं पाणी आणि ताटलीत तळं.
रविवारी झाड बाहेर काढ. कोकोपीट झटक, मऊ झालेले गड्डे आणि काळी मुळं काप, एक-दोन दिवस सावलीत सुकू दे. मग माती, जाडी रेती आणि मूठभर गांडूळखत अशा मिश्रणात लाव. ताटलीत खडी घालून त्यावर कुंडी टेकव. वरची दोन पेरं माती कोरडी लागली तरच पाणी. खत बंद, नुसती पानं वाढतात त्याने. आणि कुंडी दक्षिणेच्या खिडकीत, हिवाळाभर ऊन मिळेल.

सुगरणबाई:
घरी मांजर असेल तर लांबच ठेव हं. कांदा-लसूण मांजरांना विषारी. आमच्या बोक्याला चायनीजमधलं

मुलुंडची_मैना:
मांजर नाहीये. दक्षिणेला बेडरूम आहे, नवरा म्हणतो लसणीचा वास येईल.

हिरवा_कोपरा:
पान चुरडलं, धक्का लागला की येतो, फुलं गोडसर असतात. ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला ठेव.

मुलुंडची_मैना:
बघते. पाच किलो रेती मुलुंडला कुठे मिळेल?

निवांत_माटुंगा:
समोर टॉवर चाललाय म्हणालात ना, वॉचमनला विचारा की. ऊन खाल्लंय तर रेती तरी द्या म्हणावं. 😄

दहिसरचे_काका:
बांधकामावर हल्ली क्रश सँड असते, दगड फोडून केलेली. चाळून पूड काढून टाका, नाहीतर माती दगड होते. खाडीची रेती मात्र नको, मीठ असतं त्यात.

हिरवा_कोपरा:
काका, +१.

पक्याभाऊ_विरार:
लसूण वेलीची काडी कोणाला हवी असेल तर सांगा, छाटणी करतोय.