मायक्रोवेव्हमधलं चिकन: जेवण की पेशंटचा डबा?

पाववाटी
सातला घरी पोचले की ओट्यापाशी उभं राहायचं त्राण नसतं. त्यामुळे वर्षभर आमच्याकडे रात्रीचं चिकन मायक्रोवेव्हमध्येच होतं. पाव किलो बोनलेस, इंचभर तुकडे. दही, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ चोळून ठेवायचं. काचेच्या भांड्यात आधी फरसबी-गाजर दोन चमचे पाण्यात २ मिनिटं, मग चिकन घालून झाकण किलकिलं ठेवून ४ मिनिटं. हलवायचं, ढोबळी मिरची घालून आणखी ३. शेवटी ३ मिनिटं तसंच झाकून. (माझा ८०० वॅटचा आहे.) तेलाचा थेंब नाही. सासूबाई म्हणतात, "हा पेशंटचा डबा." माझं म्हणणं, रोजच्या रात्रीला गॅसपेक्षा हेच बरं. बोला!

तांबडा-पांढरा
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मायक्रोवेव्ह अन्नातलं पाणी तापवतो, म्हणजे सगळा मामला १०० अंशांच्या आसपास अडकतो. कांदा-मांस तांबूस व्हायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून खमंगपणा तिथे येतच नाही. मसाल्याला तेल सुटलं नाही, कांदा परतला नाही, आणि त्याला चिकन म्हणायचं? कढईत एवढेच तुकडे १५ मिनिटांत होतात. वाचली किती? तीन मिनिटं!

पाववाटी
त्या १५ मिनिटांत तुम्ही कढईला बांधलेले. मी तेवढ्यात पोळ्यांची कणीक मळते. शिवाय तळाला लागलेली कढई घासायला कोण येतं तुमच्याकडे?

खोली नं. ९
पुण्यात पीजीत राहतो. शेगडी, इंडक्शन दोन्हीला बंदी. पॅन्ट्रीत एक मायक्रोवेव्ह आणि आम्ही चौदा जण, रात्री नंबर लागतात. खमंग की फिकं हा वाद ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांनी घालावा. मेसची पाण्यासारखी भाजी महिनाभर खा, मग या वाफवलेल्या चिकनला हात जोडाल.

मुक्काम_ठाणे
पण या लहरींनी अन्नातली जीवनसत्त्वं मरतात ना? आमच्या ग्रुपवर आलं होतं.

लिंबूटिंबू
ग्रुपवर बरंच काही येतं. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात विरघळून जातं, मग शेगडी असो की मायक्रोवेव्ह. उलट दोन चमचे पाण्यात, थोड्या वेळात शिजवलं तर कमीच जातं. भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देतो, तिथे खरं नुकसान.

माझी हरकत वेगळीच आहे. मी एकदा हाडासकट लेग पीस ठेवले होते. वरून पांढरे, सुरेख. सुरी घातली तर हाडाशी गुलाबी! लहरी दोनेक सेंटिमीटरच आत शिरतात, पुढची उष्णता हळूहळू झिरपते. म्हणून इंचभर तुकडे, मधे हलवणं आणि शेवटची ती ३ मिनिटं चुकवायची नाहीत. फ्रीजरमधला गोळा तर थेट घालूच नका. बर्फ या लहरी फारशा शोषत नाही, तेव्हा कडा रबर होतात आणि आत बर्फ तसाच. शंका असेल तर थर्मामीटर टोचा, सगळ्यात जाड तुकड्यात ७४ अंश हवेत. तेवढं पाळलंत तर मी पाववाटींच्या बाजूने.

तांबडा-पांढरा
काल हट्टाने करून पाहिलं. मऊ झालं, हे मान्य. फरसबी तर कढईपेक्षा हिरवीगार राहिली. पण पहिल्या घासाला तोंड वाकडं झालंच. मग पळीत तेल तापवून ठेचलेला लसूण लाल केला, वर चिमूटभर तिखट, आणि चर्रकन ओतलं. दोन पोळ्या जास्त गेल्या.

पाववाटी
म्हणजे गॅस पेटवलातच! पण ही पळी उद्या मीही करणार, सासूबाईंना सांगत नाही.

खोली नं. ९
पळी उसनी मिळेल हो. गॅस कुठून आणू?