चर्चमध्ये बाकावर बसल्यावर तुम्हाला काय वाटतं?

पेटीवाला_नगरकर

मंडळी, सलाम.

नाताळ तोंडावर आलाय म्हणून विचारतो. प्रश्न मुख्यतः गे, लेस्बियन, ट्रान्स अशा ख्रिस्ती लोकांना आहे, इतरांनीही बोलायला हरकत नाही. चर्चच्या आत, उपासना चालू असताना, तुम्हाला नक्की काय वाटतं? वचनं नकोत. बायबलातली लेवीय आणि रोमकरांस पत्र ही पुस्तकं, जिथून आमच्याविरुद्ध वचनं काढतात, मला माहीत आहेत, लहानपणी पाठांतराच्या स्पर्धेत बक्षिसं घेतली आहेत.

माझं असं आहे. मूळ नगर जिल्ह्यातले, पणजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, आजोबा मिशन शाळेत मास्तर. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि रविवारी पुण्यात सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मराठी उपासनेत कीबोर्ड वाजवतो. मी गे आहे हे घरात फक्त बहिणीला माहीत आहे.

कीबोर्डमागे असतो तोवर काही वाटत नाही. हातांना काम असतं, नजर पाळकसाहेबांच्या इशाऱ्यावर. अंग आखडतं ते लग्नाच्या सूचना वाचतात तेव्हा. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर कळवावे. आणि मग हमखास दोन-तीन माना माझ्याकडे वळतात. अडथळ्यासाठी नव्हे हो, पुढचा नंबर माझा म्हणून.

एक प्रसंग मात्र अजून सुटत नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. पुढच्याच रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत एका वडीलधाऱ्या काकांनी न्यायाधीशांना सुबुद्धी दिल्याबद्दल देवाचे आभार मानले. प्रार्थना चालू असताना मागे हळू सूर धरून ठेवायचा ही आमच्याकडची पद्धत. म्हणजे त्या आभारांना साथसंगत माझी होती. जी मायनर. आमेन झालं, मी पुढचं गीत सुरू केलं. नंतर बाहेर चहा घेताना काकांनी पाठीवर थाप मारली, "आज छान वाजवलंस, बेटा." काका वाईट नाहीत. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा रात्री जागायला हेच यायचे. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

आता पेच. माझा जोडीदार साताऱ्याचा, हिंदू. आम्ही एकत्र राहतो, भाडेकरारात रूममेट. गणपतीत मी त्यांच्याकडे आरतीला झांजा वाजवतो, मग 24 डिसेंबरच्या रात्री मी तुझ्या चर्चमध्ये का येऊ नये, असं त्याचं म्हणणं. त्यात पाळकसाहेबांनी जानेवारीत चर्च कमिटीसाठी माझं नाव सुचवलंय. त्याला आणावं का? कमिटी घ्यावी का? आणि मुळात तुम्ही अजून जाता का?

वसईची_थोरली

मी जाते. पण वसईत नाही.

आम्ही कॅथलिक. आमच्या धर्मग्रामात कोण कुठल्या मिस्साला (उपासनेला) येतं, कुठल्या बाकावर बसतं, सगळ्यांना ठाऊक. ख्रिस्तप्रसादाची रांग सुरू झाली की जो उठत नाही तो लगेच दिसतो. कन्फेशनमध्ये एका फादरांनी मला सांगितलं होतं, त्या बाईशी संबंध तोडेपर्यंत पापक्षमा देता येणार नाही. पापक्षमेशिवाय प्रसाद घेता येत नाही, मग मी बसून राहायला लागले. घरी येईपर्यंत वाटेत बायका विचारणार, "काय गं, आज प्रसाद नाही घेतलास?" प्रसादाआधी पोट रिकामं लागतं, म्हणून मावशीने तोडगा काढला, मिस्साआधी नाश्ता केला म्हणून सांगत जा. दर रविवारी मिस्साआधी नाश्ता करणारी बाई म्हणून माझी ख्याती झाली.

पाठीशी कोणी उभं नव्हतं असं नाही. 2013 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 परत आणलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस उघड बोलले की लग्नाला चर्चचा विरोध आहे, पण समलिंगी माणसं गुन्हेगार नाहीत. बरेच धर्मपुढारी निकालाचं स्वागत करत असताना बोलले. आणि 377 राहावं म्हणून कोर्टात गेलेल्यांत ख्रिस्ती संघटनाही होत्या, हेही विसरू नये. आमच्या शिकवणुकीचंच असं आहे. कॅटेकिझमच्या, म्हणजे आमच्या शिकवणुकीच्या ग्रंथाच्या, 2357 क्रमांकाच्या परिच्छेदात आमचं वागणं विपरीत ठरवलंय, आणि लगेच 2358 मध्ये आम्हाला आदराने, करुणेने वागवा, अन्याय्य भेदभाव करू नका असं आहे. कुठला परिच्छेद वाट्याला येईल ते समोरच्या फादरांवर.

18 डिसेंबर 2023 ला व्हॅटिकनने जाहीर केलं की समलिंगी जोडप्याला आशीर्वाद देता येईल, मात्र विधी नको, लग्नासारखं काही दिसायला नको. आम्ही दोघी खूश. 4 जानेवारीला खुलासा आला, हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा. माझी बाई बँकेत आहे. म्हणाली, एवढ्या वेळात एटीएमपण पैसे देत नाही.

आता आम्ही बुधवारी माहीमला सेंट मायकलच्या नोव्हेनाला (नवसाच्या प्रार्थनेला) जातो. तिथे पुष्कळ गर्दी ख्रिस्ती नसतेच. कोणी मूल व्हावं म्हणून मेणाचं बाळ घेऊन आलेलं, कोणी जागा मिळावी म्हणून मेणाचं घर. त्यात दोन बायका एक मेणबत्ती लावतायत याचं कुणाला काय पडलंय? तिथे मी अंग सैल सोडून बसते. भक्ती वाढली म्हणून नव्हे, तिथे मला कोणी ओळखत नाही म्हणून. हे काही फार अभिमानाने सांगत नाहीये.

तुझ्या मित्राला आण रे. 24 ला एरवी न येणारेसुद्धा येतात, त्याच्याकडे कोण बघतंय! कमिटीचं मात्र नीट बघ. कमिटी म्हटलं की विरोधी गट आला, आणि विरोधी गट घरापर्यंत पोचतो.

एक_विश्वासी

बंधू, प्रभूच्या नावाने सलाम.

मित्राला जरूर आणा, देवाचं घर सर्वांसाठी उघडं आहे. पण सेवेत पुढे उभं राहणाऱ्याचं जीवन साक्षीचं असावं लागतं. कमिटीचं नाव मागे घ्या, कीबोर्डही काही काळ सोडा आणि पाळकसाहेबांशी मोकळेपणी बोला. मी द्वेषाने लिहीत नाही. माझ्याही घरात एक मुलगा असा आहे. त्याने चर्च सोडलं. मी रोज पहाटे त्याच्यासाठी प्रार्थना करतो.

पेटीवाला_नगरकर

काका, तुम्ही नीट बोललात म्हणून नीट उत्तर देतो.

कीबोर्ड सोडतो, पण वाजवणार कोण? मागे मी तापाने पडलो तेव्हा मोबाईलवर ट्रॅक लावले होते. दुसऱ्या कडव्यानंतर पानमसाल्याची जाहिरात लागली. आणि साक्षीचंच म्हणाल तर आमच्या कमिटीत लेकाच्या लग्नात हुंडा घेतलेले आहेत, भावाची जमीन दाबून बसलेले आहेत. त्यांना कोणी काही काळ थांबा म्हटल्याचं ऐकिवात नाही.

तुमच्या मुलाबद्दल एक विचारतो, राग मानू नका. चर्चमध्ये प्रार्थनेच्या विनंत्या देताना त्याचं नाव घेता का? आमच्याकडे आजाऱ्याचं नाव वाचतात, नोकरी शोधणाऱ्याचं वाचतात, बारावीच्या पोरांची अख्खी यादी वाचतात. आमच्यासारख्यांची वेळ आली की "एका कुटुंबाच्या खास अडचणीसाठी". बाकावर बसून ती खास अडचण ऐकायला कसं वाटतं ते त्याला एकदा विचारा.

रूपा_मराठवाडा

दादा, तुमच्याकडं बाकं आहेत हे तरी बरं. आमच्या गावच्या चर्चात सतरंजी. डावीकडं बाया, उजवीकडं गडी, मधून वाट. लहानपणापासून मी उजवीकडं आजोबांच्या मांडीजवळ बसायचे. साडी नेसायला लागले त्यानंतरच्या पहिल्या रविवारी दारातच उभी राहिले, कळेना कुठं बसावं. मग मागं चपलांपाशी बसले. पुढं कितीतरी महिने तिथंच.

तुम्ही विचारलं काय वाटतं. मला सगळ्यात आधी हेच वाटतं, की आत शिरताना पाय कुठं वळवायचा. प्रवचन नंतर.

मग एकदा पावसात मागं पाणी आलं. एक म्हातारी ओरडली, "अगं भिजतीस काय, सरक हिकडं." मी बायांत जाऊन बसले. दोघी उठून पुढं गेल्या, बाकीच्या बसून राहिल्या. तेव्हापासून डावीकडंच. नाताळाला चर्च सारवायला, पताका लावायला, बुंदी पाडायला मी पुढं. त्यात कोणाला अडचण नाही. प्रभुभोजनाला मात्र पाळकसाहेब मला शेवटी बोलावतात. थाळी माझ्यापर्यंत येते तोवर पाव उरेल का, हीच धाकधूक.

वचनं नको म्हणालात, तरी एक सांगते. यशया 56 मध्ये देव षंढांना म्हणतो, माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत तुम्हाला मुलामुलींपेक्षा चांगलं नाव देईन. नाव म्हटलंय बघा. माझं अडलंय ते नावावरच. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळालं, आधारवर रूपा आहे. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात अजून जुनंच. पाळकसाहेब म्हणाले, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. मी म्हटलं, खाडाखोड नको, बाजूला शेरा लिहा. बघू म्हणाले. 2023 च्या नोव्हेंबरात व्हॅटिकनने ट्रान्स माणसांना बाप्तिस्मा घेता येईल, धर्ममातापिताही (बाप्तिस्म्यात दुसऱ्याच्या मुलाची जबाबदारी घेणारे) होता येईल असं अटी घालून का होईना सांगितलं म्हणे. पण ते थोरल्याताईंच्या चर्चाचं. आमचं रजिस्टर आमच्या कपाटात, आणि किल्ली पाळकसाहेबांकडं.

बर्फातला_मराठी

टोरांटोहून. मीही नगरकडचाच.

इथे मी मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चमध्ये जातो. ट्रॉय पेरी हे मूळचे पेंटेकॉस्टल पाळक, समलिंगी म्हणून त्यांना सेवा सोडावी लागली. 1968 च्या ऑक्टोबरात त्यांनी लॉस एंजेलिसजवळ स्वतःच्या घरात बारा माणसांसमोर पहिली उपासना घेतली, तिथून हा पंथ सुरू झाला.

पेटीवाले, तुम्ही लग्नाच्या सूचनांचं लिहिलंत म्हणून सांगतो. ऑन्टारियोच्या कायद्यात जुनी तरतूद आहे: सरकारी परवाना नसला तरी चर्चमध्ये रविवारी जाहीर सूचना वाचून लग्न लावता येतं. टोरांटोच्या आमच्या चर्चचे तेव्हाचे पाळक ब्रेंट हॉक्स यांनी तीच धरली. डिसेंबर 2000 मध्ये दोन समलिंगी जोडप्यांच्या सूचना भर उपासनेत वाचल्या आणि 14 जानेवारी 2001 ला दोन्ही लग्नं लावली. धमक्या इतक्या होत्या की झग्याखाली बुलेटप्रूफ जॅकेट होतं. सरकारने नोंद करायला नकार दिला. मग 10 जून 2003 ला अपील कोर्टाने ती लग्नं वैध ठरवली. ज्या वाक्याला तुमचं अंग आखडतं, त्याच वाक्याच्या जोरावर ही लग्नं झाली.

आता खरं सांगतो. तिथे भीती अजिबात वाटत नाही. नवऱ्याचा हात धरून बसतो. पण गायला लागलो की उपऱ्यासारखं वाटतं. ऑर्गन उत्तम, लोक चारी पट्ट्यांत गातात, आणि मला मात्र टाळ-तबल्यावर एका सुरात, अर्धा सूर खाली गाणाऱ्या आमच्या बायकाच आठवतात. म्हणून हिवाळ्यात शनिवारी रात्री साडेदहाला यूट्यूबवर गावची रविवार सकाळची उपासना लावतो. चुलतभाऊ व्यासपीठावर दिसतात. त्यांनी मला लग्नानंतर फोन केलेला नाही.

एक व्यवहाराचं: तुमच्याकडे थेट प्रक्षेपण असेल तर कॅमेरा कुठे लावतात ते आधी बघा. 24 ची उपासना साताऱ्यापासून दुबईपर्यंत सगळे नातेवाईक बघतात.

एक_विश्वासी

विनंतीत नाव घेत नाही. लोक विचारतील म्हणून. तो पुण्यातच असतो, पण कुठल्या भागात तेही मला माहीत नाही.

वसईची_थोरली

काका, पहाटेची प्रार्थना ठेवा, पण दुपारी एक फोनही करा. काय बोलायचं ते सुचलं नाही तर जेवलास का विचारा.

पेटीवाला_नगरकर

सगळ्यांचे आभार. ठरलंय ते लिहून टाकतो.

कमिटीला नाही म्हटलं. पाळकसाहेबांना शिफ्टचं कारण दिलं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना अंदाज आहे की काय, ही नवी काळजी लागली. नाताळची क्वायर घेतली आहे. सोप्रानोत चार मुली आहेत, टेनरला मी एकटा, म्हणजे इथले विश्वासीकाका म्हणतात तसं बाजूला व्हायची सोयच नाही.

तो येतोय. बहिणीच्या बाकावर, तिच्या मुलांच्या मध्ये बसेल. कॅमेरा बाल्कनीत असतो, त्यात सगळ्यांच्या पाठीच दिसतात. गीतांचं पुस्तक आत्ताच घेऊन बसलाय आणि चाली लावून बघतोय. एक चाल त्याने सरळ आरतीची लावली, आणि ती बसली. क्वायरला सांगणार नाही.

सूचना वाचतील तेव्हा तो शेजारी नसेल, मी कीबोर्डमागे असेन. बर्फातलेभाऊ, तुमची टोरांटोची गोष्ट त्याला सांगितली. त्याने पहिला प्रश्न विचारला, ते जॅकेट कितीला मिळतं.

रूपाताई, तुमच्या रजिस्टरचं बहिणीशी बोललो, ती वकिलाच्या ऑफिसात काम करते. तोंडी मागू नका म्हणाली. लेखी अर्ज द्या, ओळखपत्राची आणि आधारची प्रत जोडा, "शेऱ्याच्या रकान्यात नोंद व्हावी" एवढंच मागा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-सही घेऊन पोच ठेवा. बघू म्हणाले तर एक प्रत बिशपांच्या ऑफिसला रजिस्टर्ड पोस्टाने. मसुदा ती करून देईल, मला इथे खासगी निरोप पाठवा.