न्यूझीलंड (दक्षिण बेट) : भाड्याची गाडी, 5 जण, 14 दिवस. कागदपत्रं, विमा, रस्ते

मांडवी_किनारा (रत्नागिरी)

दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरमध्ये, दक्षिण बेट करायचं ठरलंय. ख्राइस्टचर्चला उतरायचं, गोल फिरून तिथूनच परत. चार मोठे आणि 6 वर्षांची मुलगी. दोघं जण गाडी चालवणार. लायसन्स दोघांचीही एमएच-08 ची, स्मार्ट कार्ड. दोघांनाही आंबा घाट, कुंभार्ली घाट रोजचेच.

1) आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागेल का? रत्नागिरी आरटीओत होतो का?
2) बुकिंग साइटवर गाडीचं भाडं कमी दिसतं आणि विमा धरला की रक्कम जवळजवळ दुप्पट होते. विमा नक्की कुठला घ्यायचा?
3) तिकडेही डावीकडूनच चालवायचं आहे, मग वेगळं काय सांभाळायचं?
4) मार्ग: ख्राइस्टचर्च – टेकापो – माउंट कुक – क्वीन्सटाउन – मिलफर्ड – वानाका – फ्रान्झ जोसेफ – आर्थर्स पास – ख्राइस्टचर्च. 14 दिवसांत बसतो का?

खारेपाटणकर

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. पर्यटक म्हणून गेलात तर भारतीय लायसन्सवर तिथे गाडी चालवता येते. अट एवढीच की लायसन्स चालू मुदतीतलं, पक्कं आणि इंग्रजीत हवं. स्मार्ट कार्ड इंग्रजीत असल्याने कायद्याने आंतरराष्ट्रीय परवान्याची सक्ती नाही. तरी काढा. भाड्याच्या काउंटरवरच्या माणसाने भारतीय कार्ड कधी पाहिलेलं नसलं की तो हेच विचारतो, आणि लांबच्या विमानप्रवासानंतर तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो.

रत्नागिरीतच होतो. सारथी पोर्टलवर (लायसन्सची सरकारी वेबसाइट) लायसन्स क्रमांक टाकून अर्ज करायचा (फॉर्म 4ए), फी 1,000 रुपये. लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट यांच्या प्रती घेऊन जा, मूळ कागदही जवळ ठेवा. मुदत दिलेल्या तारखेपासून फार तर एक वर्ष, त्यामुळे आत्ताच घाई नको. व्हिसा आला की अर्ज करा. मूळ लायसन्स सोबत नसेल तर नुसत्या परवान्याला किंमत शून्य. मोबाइलमधलं डिजिलॉकर काउंटरवर चालेल असं धरून जाऊ नका.

आणखी एक, हे आपल्याकडे हमखास चुकतं. पासपोर्टवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. एकीकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, आडनावाचं स्पेलिंग निराळं, असं असेल तर आरटीओत आधी ते दुरुस्त करून घ्या, मग परवाना. बुकिंग पासपोर्टवरच्या नावाने, आणि क्रेडिट कार्डही त्याच माणसाचं.

हर्णै_बंदर

कार्डाचा विषय निघालाच आहे तर तोच पुढे नेतो, कारण लोक अडकतात ते इथे. गाडी घेताना कंपनी मुख्य चालकाच्या कार्डावर अनामत रक्कम रोखून धरते. पैसे कापले जात नाहीत, पण तेवढी मर्यादा बंद होते. बऱ्याच ठिकाणी डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड घेत नाहीत. घेतलंच तरी रोखलेली रक्कम मोकळी व्हायला बराच वेळ जातो, तोवर खर्चाला पैसे कुठून आणणार? म्हणून उंच मर्यादेचं क्रेडिट कार्ड, आंतरराष्ट्रीय वापर चालू केलेला, पिन पाठ. मशीनवर 'रुपयांत भरायचे की डॉलरमध्ये' असा पर्याय आला तर न्यूझीलंड डॉलरच निवडा. रुपयांत घेतलं की दुकानाच्या बाजूची बँक तिच्या सोयीचा दर लावते.

आता विमा. साइटवर दिसणाऱ्या कमी भाड्यात विमा नसतो असं नाही, असतो. पण नुकसान झालं तर पहिले काही हजार डॉलर तुम्ही भरायचे. त्याला 'एक्सेस' म्हणतात. काउंटरवरचं महाग पॅकेज म्हणजे हा एक्सेस शून्यावर किंवा शून्याजवळ आणणं. दुसरा रस्ता म्हणजे बाहेरच्या विमा कंपनीकडून फक्त एक्सेसचा विमा घेणं. तो स्वस्त पडतो, पण त्यात दोन गोष्टी ध्यानात घ्या: भाडेकंपनी मोठी अनामत रोखतेच, आणि नुकसान झालं तर आधी तुमच्या कार्डावरून पैसे जातात, मग तुम्ही कागद जोडून दावा करायचा. कार्डाची मर्यादा भरपूर असेल आणि कागदपत्रांचा कंटाळा नसेल तर बाहेरचा. नाहीतर सरळ कंपनीचा पूर्ण विमा घ्या, सुट्टी सुखाची जाते.

'पूर्ण' विम्यातही काय बसत नाही ते करारात वाचा. चुकीचं इंधन, हरवलेली किल्ली, गाडीचं छत आणि खालची बाजू, पाण्यातून घातलेली गाडी, करारात नाव नसलेला चालक, दारू पिऊन चालवणं. काच आणि टायर कुठे धरलेले असतात, कुठे वेगळे पैसे. दोघं चालवणार असाल तर दोघांची नावं करारात हवीतच. घाट संपल्यावर 'जरा तू घे' म्हणून तिसऱ्याच्या हातात चाक दिलं की विमा गेला. काही रस्तेही करारात बंद असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि माउंट कुकचा बॉल हट रोड ही नेहमीची नावं.

गाडी ताब्यात घेताना मोबाइलवर सलग व्हिडिओ: चारी बाजू, छत, चारी रिम, बंपरची खालची कड, किलोमीटर, इंधनाचा काटा. काचेवरचा मसुरीएवढा टवकासुद्धा कागदावर लिहून घ्या, कारण पुढे थंडीत तोच ताणून चीर होतो आणि अख्खी काच तुमच्या नावावर लागते. स्टेपनी आहे का तेही डिकी उघडून बघा. नव्या गाड्यांत बरेचदा नुसतं पंक्चरचं किट असतं.

गुहागरची_ताई

@हर्णै_बंदर, सगळं बरोबर, फक्त 'पूर्ण विमा घ्या नि निश्चिंत व्हा' यात प्रवासविमा सुटला. न्यूझीलंडमध्ये अपघातात जखम झाली तर उपचाराचा खर्च तिथली सरकारी एसीसी योजना उचलते, पर्यटकांचाही, चूक कोणाची हे न बघता. पण आजारपण त्यात येत नाही. सोबत वयस्क कोणी असेल तर बीपी, शुगर, हृदय, काही म्हणजे काही एसीसीत नाही. प्रवासविमा वेगळाच हवा, त्यात आधीचे आजार लिहून.

मुलीचं: 7 वर्षं पूर्ण होईपर्यंत मान्यताप्राप्त बाल-आसन सक्तीचं. बुकिंग करतानाच बूस्टर सीट मागवून ठेवा, ऐन वेळी मिळेल याची खात्री नाही. मांडीवर बसवणं हा प्रकारच नाही. आणि त्यामुळे मागच्या सीटवर दोन मोठे आणि बूस्टर, म्हणजे गाडी नीट रुंद हवी. पाच जणांच्या बॅगा साध्या हॅचबॅकच्या डिकीत मावत नाहीत. सात आसनी घेतली तर तिसरी रांग पाडल्यावरच डिकी मिळते, ती उभी ठेवलीत तर जेमतेम दोन पिशव्या. म्हणून मध्यम एसयूव्ही किंवा स्टेशन वॅगन, आणि चाकाच्या कडक पेट्यांऐवजी मऊ बॅगा. गाडी पार्क करून चालायला गेलात तर आत काही दिसेल असं ठेवू नका, फिरायच्या ठिकाणी काचा फुटतात.

भोस्ते_घाट

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तुम्ही तो 'तिकडेही डावीकडूनच' म्हणून हलक्यात घेतलाय. स्टिअरिंग उजवीकडे, जपानी गाड्यांत इंडिकेटरची दांडीसुद्धा मारुतीसारखी उजवीकडे. हात चुकत नाही. चुकते ती सवय. आपल्याकडे आधी नाक घालतो त्याची वाट. तिथे वाट कोणाची ते पाटीवर ठरलेलं असतं आणि समोरचा त्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो. तो ब्रेक मारणारच नाही, कारण तुम्ही थांबणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं.

गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी. 'स्टॉप' लिहिलं असेल तर रस्ता रिकामा दिसला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. सिग्नल लाल असताना डावीकडेही वळायचं नाही. मध्ये तुमच्या बाजूला अखंड पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक बंद, मग पुढे ट्रॅक्टर का असेना.

एकेरी पूल खूप आहेत, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर. आपल्या सागरी महामार्गावरच्या जुन्या अरुंद पुलांसारखेच, पण दिवे दाखवून ठरवायचं नाही. पाटी बघायची. लाल कडेची गोल पाटी आणि तुमच्या दिशेचा बाण छोटा, लाल: तुम्ही थांबायचं. निळी चौकोनी पाटी आणि तुमचा बाण मोठा, पांढरा: तुम्हाला आधी, तरीही पूल मोकळा आहे का ते बघून.

खुल्या रस्त्यावर मर्यादा 100, वस्तीत बहुतेक 50. वळणाआधी पिवळ्या पाटीवर 35 किंवा 45 लिहिलेलं असतं, ती सूचना असते पण खरी असते. मागे गाड्या साठल्या तर 'स्लो व्हेइकल बे' आली की डावीकडे होऊन त्यांना जाऊ द्या. तिथे हॉर्न म्हणजे भांडण. कॅमेऱ्याचा दंड कंपनीकडे जातो आणि ती आपलं शुल्क लावून तुमच्याकडे ढकलते. दारूची मर्यादा 100 मिलि रक्तात 50 मिग्रॅ. चालवणाऱ्याने घ्यायचीच नाही, हिशेब कशाला.

गाडी ऑटोमॅटिक मिळेल. घाटात हात बसलेल्यांची चूक उतारावर होते: 'डी'मध्ये (नेहमीचा पुढे जायचा गिअर) ठेवून ब्रेक दाबत उतरायचं. वानाकाहून क्वीन्सटाउनला क्राउन रेंजवरून गेलात तर रस्ता 1,076 मीटरवरून खाली येतो, शेवटी नागमोडी वळणं. आर्थर्स पासच्या (920 मी) पश्चिमेला ओटिराची उतरण अशीच तीव्र. तिथे 'एल' (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर टाका, इंजिनाला धरू द्या. ब्रेकचा जळका वास येईपर्यंत वाट बघू नका.

कच्च्या खडीच्या रस्त्यावर 40–50 च्या वर नको, जोराचा ब्रेक नको. खडी चाकाखाली गोट्यांसारखी फिरते. आणि ख्राइस्टचर्चच्या आसपासच्या कँटरबरी भागात नॉर-वेस्टर (वायव्येचा जोराचा वारा) सुटला की दार धरून उघडा. हिसक्याने बिजागरी वाकते, आणि तो खर्च बहुतेक करारांत तुमचाच.

मांडवी_किनारा

बरं झालं विचारलं. मार्गाचं कोणी सांगाल का? आणि सोबत कुळथाचं पीठ, आंबापोळी, सुकी कोळंबी, गोडा मसाला न्यायचा विचार आहे. आईचा आग्रह.

देवगडचा_हापूस

मार्ग छान बसतो. सगळं मिळून 1,900 ते 2,000 किमी, म्हणजे रोजचं अंतर मोठं नाही. पण पहिल्या दिवशी गाडी घेऊ नका. नोव्हेंबरमध्ये तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. तिथे सकाळी 10 ला उतरलात तर शरीरात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. एक रात्र ख्राइस्टचर्चला झोप, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी. एक दिवसाचं भाडंही वाचतं.

टेकापो 225 किमी, तिथून माउंट कुक 105. क्वीन्सटाउनला तीन रात्री ठेवा. मिलफर्ड मात्र क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. एका बाजूने साधारण 290 किमी, दोन्ही मिळून सात-आठ तास नुसतं चाक हातात, आणि परतताना चालक पेंगतो. मिलफर्डच्या वाटेवर 'ते आनाउ' नावाचं गाव आहे, तिथे दोन रात्री मुक्काम करा. तिथून मिलफर्ड 118 किमी, पण दोन तास धरा. ते आनाउलाच टाकी फुल करा. मिलफर्डच्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबर बर्फासाठी चाकांच्या साखळ्या लागू शकतात. पाटीवर 'साखळ्या सोबत ठेवा' असं असेल तर नुसतं ऊन पडलंय म्हणून चालत नाही. भाड्याने ते आनाउला मिळतात, कंपनीकडूनही. देणाऱ्यालाच एकदा चाकाला चढवून दाखवायला सांगा, कुठल्या चाकांना ते गाडीनुसार ठरतं. वसंतात (तिथे नोव्हेंबर म्हणजे वसंत) हिमकडे कोसळायचा धोका असतो, म्हणून होमर बोगद्याच्या आसपास 'थांबू नका' लिहिलेल्या पट्ट्यात फोटोसाठीही थांबायचं नाही. निघायच्या सकाळी रस्ता उघडा आहे का बघा.

बोगद्याच्या तोंडाशी आणि आर्थर्स पासला किआ पोपट येतात. घाटातल्या माकडांचे चुलत भाऊ समजा. माकड हातातलं पळवतं, किआ गाडीच सोलतो: वायपरचं रबर, दाराची नि काचेची पट्टी चोचीत धरून दोरीसारखी ओढून काढतो. खाऊ घालायचं नाही, आणि गाडीपासून लांब जायचं नाही.

वानाका ते हास्ट 142 किमी, पुढे फॉक्स ग्लेशियर (फ्रान्झ जोसेफच्या अलीकडचं गाव) 120. यात मोबाइलला रेंज नसलेले लांब पट्टे आहेत. नकाशा आधी उतरवून ठेवा आणि वानाकाला टाकी भरा. पंपावर भरायला माणूस नसतो. पेट्रोल गाडीला 91 लिहिलेला पाइप, झाकणाच्या आतली चिठ्ठी वाचूनच. मानवरहित पंपावर आधी कार्ड आणि पिन, मग पाइप सुटतो. डिझेल गाडी घेतलीत तर पंपावरचा दर कमी दिसतो त्याला भुलू नका. रस्ता कर डिझेलच्या दरात नसतो, तो किलोमीटरप्रमाणे वेगळा असतो आणि कंपनी शेवटी बिलात लावू शकते.

आता खाऊ. ताजं फळ, मध, बियाणं नकोच. बाकी जे न्याल ते प्रवेशपत्रात जाहीर करायचं, अगदी मसाल्याची पुडीसुद्धा. जाहीर केलं तर फार तर काढून घेतात, दंड नाही. न सांगता सापडलं तर जागेवर 400 डॉलर. घरच्या बिनालेबलच्या पुड्यांपेक्षा दुकानातली सीलबंद, इंग्रजीत घटक छापलेली पाकिटं न्या, आणि सगळी एकाच पिशवीत वर ठेवा म्हणजे अख्खी बॅग उपसावी लागणार नाही. सुकी कोळंबी घरीच ठेवा, तपासणीचं सोडा, बंद गाडीत 14 दिवस तो वास कोण सहन करणार? ट्रेकिंगच्या बुटांची मातीही ब्रशने घासून, धुऊन, वाळवून न्या. तळाला लाल माती दिसली तर तीही थांबवतात.